जुना छोटा फ्लॅट आणि थंडीचं बिल : ब्रिटनमध्ये नव्यानं राहायला आलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

लंडनच्या पूर्व भागात १९०० च्या आसपास बांधलेल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ वर्षं राहतोय. मूळ घर एका कुटुंबाचं. पुढे कुणीतरी मध्ये भिंत घालून त्याचे दोन फ्लॅट केले. दर ऑक्टोबरमध्ये पुण्या-नाशकाहून नवीन आलेलं कुणी ना कुणी फोन करतं आणि तेच प्रश्न विचारतं, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. आकडे ग्रेट ब्रिटनचे आहेत. भाडेकरूंचे नियम मात्र मुख्यतः इंग्लंडचे. स्कॉटलंडमध्ये त्यातले बरेच वेगळे आहेत.

आमचा फ्लॅट एका बेडरूमचा. मित्राचं तीन बेडरूमचं नवं घर. तरी बिल सारखंच कसं?

बिल खोल्यांच्या संख्येवर ठरत नाही, उष्णता किती वेगानं बाहेर जाते यावर ठरतं. १९२० च्या आधीच्या घरांच्या भिंती बहुतेक भरीव विटांच्या असतात. नंतरच्या घरांत दोन पदरी भिंत आणि मध्ये पोकळी, तिच्यात इन्सुलेशन भरता येतं. भरीव भिंतीतून साध्या पोकळ भिंतीच्या जवळजवळ दुप्पट उष्णता जाते. आपली भिंत कुठली हे बाहेर उभं राहून कळतं. विटांच्या एकाच ओळीत लांब वीट, मग आखूड तोंड, पुन्हा लांब वीट असं दिसलं तर भिंत भरीव. सगळ्याच विटा लांब दिसल्या तर बहुधा पोकळ.

खालचा शेजारी हीटिंग लावतो की नाही यावरही तुमचं बिल हलतं. आमच्या खालचा फ्लॅट एक हिवाळा रिकामा होता, तेव्हा जमिनीवर सपातांशिवाय पाय ठेववत नव्हता.

बिलावरचे युनिट, स्टँडिंग चार्ज, प्राइस कॅप : हे काय प्रकरण आहे?

युनिट म्हणजे आपल्याकडचंच, एक किलोवॅट-तास. इथे गॅससुद्धा त्याच युनिटमध्ये मोजतात, ही सवय व्हायला वेळ लागतो. स्टँडिंग चार्ज म्हणजे काहीही न जाळता रोज द्यायची रक्कम. जानेवारी २०१९ पासून ऑफजेम ही नियामक संस्था कमाल दर ठरवते, हल्ली दर तीन महिन्यांनी. हीच प्राइस कॅप. पण मर्यादा दरावर आहे, बिलावर नाही. बातम्यांत येणारा वार्षिक आकडा हा एका ‘सरासरी’ घराचा हिशेब असतो. ‘कॅप आहे, मग त्याहून जास्त बिल कसं आलं?’ म्हणून कस्टमर केअरशी भांडणारे मी पाहिलेत. जास्त जाळलं तर जास्त येणारच.

जुलै २०२५ च्या तिमाहीत डायरेक्ट डेबिटवाल्यांसाठी (ज्यांच्या बँकेतून पैसे आपोआप जातात) सरासरी कमाल दर होता वीज २५.७३ पेन्स आणि गॅस ६.३३ पेन्स युनिटला. स्टँडिंग चार्ज दोन्ही मिळून दिवसाला ८१ पेन्स, म्हणजे वर्षाला जवळजवळ ३०० पौंड. दर पुढेमागे होतात, पण वीज गॅसच्या साधारण चौपट महाग हे प्रमाण डोक्यात पक्कं करा. पुढची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

गॅस मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळत नाही. फसवतायत का?

बहुतेक वेळा नाही. मीटर गॅसचं आकारमान मोजतो आणि बिल उष्णतेचं असतं. घनमीटरचा फरक घ्या, १.०२२६४ ने गुणा, बिलावर दिलेल्या उष्मांकाने (‘कॅलरिफिक व्हॅल्यू’, ३९ च्या पुढेमागे असतो) गुणा आणि ३.६ ने भागा. थोडक्यात एक घनमीटर म्हणजे सव्वाअकरा युनिट. वीस घनमीटर जाळले तर सव्वादोनशे युनिट, चौदा पौंडांच्या आसपास.

पण जुन्या फ्लॅटमध्ये जुने मीटरही असतात आणि ते घनफुटांत मोजतात. त्यावर सहसा चार आकडे असतात, मेट्रिक मीटरवर पाच. घनफुटांच्या मीटरवरचा एक आकडा म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. कंपनीच्या नोंदीत मीटरचा प्रकार चुकला की बिल एकदम पावणेतीनपट होतं, नाहीतर तितकंच कमी येतं.

आमचं पहिलं बिल असंच आलं. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, रात्री स्वेटर घालून बसणारे, आणि बिल एखाद्या बंगल्याचं. बायको म्हणाली, तू आंघोळीला फार वेळ लावतोस. पंधरा दिवस मी बादलीनं आंघोळ केली. मग एका रविवारी जिन्याखालच्या कपाटात टॉर्च घेऊन शिरलो, मीटरवरची धूळ पुसली, तर आकड्यांशेजारी स्वच्छ ‘घनमीटर’ची खूण. बिलावर मात्र घनफूट. मीटरच्या तोंडाचा फोटो पाठवल्यावर दोन महिन्यांनी पैसे परत आले. बादली अजून आहे, तिच्यात आता छत्र्या असतात.

म्हणून किल्ली हातात पडल्याच्या दिवशीच दोन्ही मीटरचे फोटो काढा, आकडे आणि मीटर नंबर दिसतील असे. तक्रार आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, फुकट जाता येतं. आणि कंपनीच्याच चुकीमुळे राहिलेलं, बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचं बिल ती तुमच्याकडून वसूल करू शकत नाही.

हीटिंग दिवसभर मंद ठेवलं तर स्वस्त पडतं असं सगळे सांगतात. खरं का?

गॅस बॉयलर (पाणी तापवून ते खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवणारं यंत्र) असेल तर नाही. घर जितका वेळ बाहेरच्यापेक्षा गरम, तितका वेळ उष्णता गळत राहणार. तुम्ही ऑफिसात असताना गरम ठेवलेली खोली भोकं पडलेल्या बादलीसारखी असते. सकाळी उठायच्या अर्धा तास आधी सुरू, निघायच्या थोडं आधी बंद, संध्याकाळी पुन्हा, एवढं टायमरवर लावून द्या. घरात कुणी दिवसभर असेल तर मधल्या वेळेतही १८ च्या खाली जाऊ देऊ नका. घर रिकामं असलं तरी भिंतींना ओल धरत असेल तर सोळा-सतरा अंश राहू द्यावेत. पूर्ण गार पडलेल्या भिंतीवर दव धरतं.

थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान आलं की हीटिंग थांबवणारं यंत्र) किती अंशांवर?

जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश असावेत असं सांगते. आमच्याकडे १९ असतं. एक अंश कमी केल्यानं बिल दहा टक्क्यांपर्यंत उतरतं असा प्रचलित अंदाज आहे.

पण आधी थर्मोस्टॅट आहे कुठे ते बघा. जुन्या फ्लॅटमध्ये तो पॅसेजमध्ये असतो, मुख्य दाराच्या समोर, जिथे पत्रपेटीच्या फटीतून वारा येतो. तिथे १९ अंश होईपर्यंत हॉलमध्ये माणसं बनियनवर आलेली असतात. अशा वेळी पॅसेजसाठी आकडा १६-१७ वर आणा, नाहीतर वायरलेस थर्मोस्टॅट घेऊन हॉलमध्ये ठेवा.

पैसे न खर्चता एकच गोष्ट करायची तर कोणती?

बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान उतरवा. थर्मोस्टॅट वेगळा, हे वेगळं. या दोन गोष्टींची गल्लत जवळजवळ प्रत्येक जण करतो.

इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून बसवलेले गॅस बॉयलर बहुतेक सगळे कंडेन्सिंग प्रकारचे आहेत. धुरातली वाफ थंड करून तिच्यातली उष्णताही ते परत मिळवतात, पण त्यासाठी रेडिएटरमधून फिरून येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. बसवणारा माणूस मात्र आकडा ७५-८० वर ठेवून जातो, म्हणजे ‘घर तापत नाही’ म्हणून कुणाचा फोन येत नाही. पाणी इतकं गरम असलं की बॉयलर नावापुरताच कंडेन्सिंग.

बॉयलरच्या तोंडावर दोन खुणा असतात, एक नळाची आणि एक रेडिएटरची. रेडिएटरची खूण असलेला आकडा ६० वर किंवा ५५ वर आणा. रेडिएटर हाताला चटका देणार नाहीत, खोली तापायला थोडा जास्त वेळ लागेल. आमच्या घरी पहिल्या दिवशी ‘बॉयलर बिघडला’ अशी घोषणा झाली होती. गॅसमध्ये साधारण सहा ते आठ टक्के बचत होते. कडाक्याच्या आठवड्यात पाच अंश वाढवा, मग परत उतरवा.

हे सगळं कॉम्बी बॉयलरसाठी, म्हणजे ज्यात गरम पाण्याची टाकी नसते. टाकी असेल तर तिच्यातलं पाणी ६० अंशांपर्यंत तापलंच पाहिजे, नाहीतर लीजनेला जिवाणू वाढतात. त्या घरात माहीतगाराला विचारल्याशिवाय हात लावू नका. कॉम्बीवर ‘प्रीहीट’ चालू असेल तर ते बंद करा. नळाला गरम पाणी यायला काही सेकंद जास्त लागतील, पण दिवसभर कुणी नसताना थोडं थोडं पाणी तापवत बसणं थांबेल.

रेडिएटरच्या टोकाला १ ते ५ आकडे आहेत. ते काय?

तो खोलीच्या तापमानाचा वाल्व. ३ म्हणजे साधारण वीस अंश. ५ केल्यानं खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. बेडरूमला २, ज्या खोलीत फक्त सुटकेसा आहेत तिला १. थर्मोस्टॅट असलेल्या खोलीतला मात्र पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांशी भांडत बसतात. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकलीय. छोट्या पितळी किल्लीनं ती सोडा, खाली फडकं धरा, आणि नंतर बॉयलरचा दाब एक ते दीड बारच्या मध्ये आहे का बघा.

एकाच खोलीत बसतो. वीस पौंडांचा छोटा इलेक्ट्रिक हीटर घेतला तर?

नवीन आलेल्यांची सगळ्यात महागडी चूक हीच, कारण वस्तू छोटी दिसते. दोन किलोवॅटचा पंखा-हीटर रोज चार तास लावला तर आठ युनिट, वरच्या दरानं दोन पौंडांहून जास्त, महिन्याला साठाच्या पुढे. तेवढीच उष्णता गॅसनं सतरा पौंडांत मिळते. बाकीचे रेडिएटर बंद करून त्या एका खोलीचाच चालू ठेवा, ते स्वस्त.

तेल भरलेला, सिरॅमिक, ‘जर्मन तंत्रज्ञान’, काहीही लिहिलेलं असो. विजेचा साधा हीटर एका युनिटमधून एकाच युनिटची उष्णता देतो. शंभर पौंडांच्या हीटरनं बिल कमी होणार असं सांगणाऱ्या जाहिराती मला थेट लबाडी वाटतात. विजेवर खर्च करायचाच तर खोलीवर करू नका, माणसावर करा. विजेचं पांघरूण शंभर-दीडशे वॅटचं असतं, तासाला तीन-चार पेन्स.

आमच्याकडे गॅसच नाही. भिंतीला जाडजूड पेट्या आहेत, रात्री तापतात आणि संध्याकाळपर्यंत गार.

ते स्टोरेज हीटर. आत जड विटा असतात, रात्रीच्या सात तासांच्या स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसभर उष्णता सोडतात. सहसा दोन बटणं असतात. ‘इनपुट’ म्हणजे रात्री किती साठवायचं, ‘आउटपुट’ म्हणजे किती वेगानं सोडायचं. झोपताना आउटपुट अगदी कमी करा. ते उघडं राहिलं तर पहाटेच सगळी उब उडून जाते आणि संध्याकाळी सातला तुम्ही शाल पांघरून बसता. रात्री स्वस्त विजेचा हा प्लॅन असताना दिवसाची वीज नेहमीपेक्षा महाग असते, म्हणून धुणं-इस्त्री रात्री.

यातले बरेच जुने मीटर बीबीसीच्या लाँग वेव्ह रेडिओवरून येणारा संकेत ऐकून रात्रीचा दर चालू-बंद करत. ती सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं बंद होऊ लागली. तुमच्या मीटरशेजारी ‘रेडिओ टेलिस्विच’ लिहिलेली काळी पेटी असेल तर मीटर बदलून मागा, त्याचे पैसे पडत नाहीत.

खिडक्या बंद असूनही वारा येतो. फटी शोधायच्या कशा?

उदबत्तीनं. गंमत नाही. बाहेर वारा असेल तो दिवस निवडा, हीटिंग बंद करा, स्वयंपाकघरातला पंखा लावा आणि पेटलेली उदबत्ती खिडकीच्या चौकटीच्या कडेनं, पण पडद्यांपासून लांब धरत, हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा झाला की तिथे फट. आम्हाला सगळ्यात मोठी फट खिडकीला नव्हे, जमिनीच्या कडेच्या लाकडी पट्टीखाली सापडली. त्याखालोखाल पत्रपेटी, आणि मग सिंकखालचा पाइप जिथे भिंतीतून बाहेर जातो ते मुठीएवढं भोक, जे शंभर वर्षांत कुणालाच बुजवावंसं वाटलं नाही.

वरखाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्यांना ब्रशची पट्टी लावतात. दाराखाली ब्रश, पत्रपेटीला ब्रशचं झाकण, पट्टीखाली लवचिक फिलर. सगळं मिळून आम्हाला चाळीसएक पौंड आणि एक रविवार लागला.

शेकोटीची जुनी चिमणी वापरात नसेल तर तिच्यातून चोवीस तास गरम हवा वर जाते. त्यासाठी लोकरीचा बोळा मिळतो, किंवा फुगवून बसवायचा फुगा. फक्त त्या चिमणीला गॅसचं काही जोडलेलं नाही याची आधी खात्री करा, आणि तिथे चिठ्ठी लटकवा, नाहीतर पुढचा भाडेकरू खालून शेकोटी पेटवेल.

बुजवू नयेत अशाही जागा आहेत. गॅसच्या उपकरणासाठी ठेवलेली जाळी, बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत असलेल्या भोकांच्या विटा (त्या लाकडी जमीन कुजू देत नाहीत) आणि बाथरूमचा पंखा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये बॉयलर असलेल्या खोलीत तो बसवणं घरमालकाची जबाबदारी आहे.

डबल ग्लेझिंग (खिडकीला दुहेरी काचा) करून घ्यावं का?

भाड्याचं घर असेल तर प्रश्नच नाही. स्वतःचं असलं तरी थांबा. फ्लॅट बहुधा लीजवर असतो आणि खिडक्या, बाहेरच्या भिंती बऱ्याचदा मूळ मालकाच्या मानल्या जातात. तुमच्या लीजमध्ये काय लिहिलंय ते वाचा. इमारत वारसा यादीत असेल तर स्थानिक कौन्सिलचीही (इथली नगरपालिका) परवानगी लागते, संवर्धन क्षेत्रात असेल तरी बरेचदा.

मधला मार्ग म्हणजे आतून दुसरी तावदानं. चुंबकी पट्टीवर बसणारं ॲक्रिलिकचं तावदान उन्हाळ्यात काढून पलंगाखाली ठेवता येतं. त्याहून स्वस्त म्हणजे खिडकीच्या चौकटीवर चिकटवायची पातळ फिल्म, जी हेअर ड्रायरनं ताणून घेतात. दिसायला बरी नाही, पण भाडेकरूसाठी उत्तम. आणि जाड पडदे, मात्र रेडिएटरवर न लोंबणारे. रेडिएटरवर पडदा आला की तुम्ही खिडकीला शेकताय.

कोपऱ्यात काळी बुरशी येते. घरमालक म्हणतो, तुमच्या स्वयंपाकामुळे.

तो अर्धा खरा असतो, अर्धा लबाड. ओल दोन कारणांनी दिसते. एक, गळकं छप्पर, फुटका पाइप, भिंतीत मुरणारं पावसाचं पाणी. ते त्याचं काम. दुसरं, घरातली वाफ गार भिंतीवर जाऊन बसणं. भिंत गार आहे ती इन्सुलेशन नाही म्हणून, आणि वाफ आहे ती आपल्यामुळे. दोन्ही मिळाल्याशिवाय बुरशी धरत नाही.

आपल्या घरांत वाफ जास्त, हे मान्य करावं लागतं. कुकरच्या चार शिट्ट्या, उकळतं वरण, सकाळी चहाचं आधण, आणि धुणं घरातच दोरीवर. एका धुण्यातून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. त्यात जुन्या फ्लॅटमधली शेगडीवरची विजेची चिमणी बऱ्याचदा हवा बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या गाळणीतून फिरवून परत तोंडावर सोडते. तिच्यावर कागद धरून बघा, आणि मग ती हवा जाते कुठे तेही बघा.

आमचा धडा महागात पडला. भारतात जायच्या तीन मोठ्या सुटकेसा बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मार्चमध्ये काढल्या तर मागे भिंतीवर सुटकेसांच्या आकाराचे काळे चौकोन. एकीत आईनं दिलेली पैठणी होती. साडी वाचली, कारण मलमलमध्ये गुंडाळलेली होती. मलमल फेकावी लागली. आता कुठलीही वस्तू बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब असते.

उपाय असे. स्वयंपाक करताना दार लावून खिडकी चार बोटं उघडी. आंघोळीनंतर पंखा वीस मिनिटं. सकाळी काचेवरचं पाणी पुसून कपडा बाहेर पिळायचा. धुणं एकाच खोलीत, दार बंद, आणि शेजारी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र. तो दोन-अडीचशे वॅट खातो, म्हणजे तासाला सहा पेन्स, आणि कोरडी हवा लवकर तापते. इलेक्ट्रिक वस्तूंतली ही एक मी डोळे मिटून सुचवतो.

गळतीची तक्रार मात्र तोंडी करू नका. ईमेल आणि तारखेसह फोटो. कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या (ना-नफा गृहसंस्थेच्या) घरांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ‘अवाब्ज लॉ’ लागू झालाय. गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि काम करावंच लागतं.

भाड्यानं घेण्याआधी काय तपासू?

ईपीसी, म्हणजे घराचा ए ते जी असा ऊर्जा दर्जा. सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकला की दिसतो. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २०२० पासून भाड्याच्या घराला किमान ई लागतो, काही अपवाद सोडून. पण प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं, म्हणून तारीख बघा. मी स्वतः प्रमाणपत्रापेक्षा संध्याकाळी घर बघायला जाण्यावर जास्त विश्वास ठेवतो. भिंतीला हात लावा, बाहेरच्या भिंतीचं कपाट उघडून वास घ्या. ताजा पांढरा रंग फक्त एकाच कोपऱ्यात असेल तर का, ते विचारा.

बिल तुमच्या नावावर असेल तर कंपनी बदलायचा हक्कही तुमचाच.

हीट पंप?

म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढून आणणारं यंत्र. इंग्लंड-वेल्समध्ये त्याला साडेसात हजार पौंडांचं अनुदान आहे. एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळू शकते हेही खरं. पण बाहेर यंत्र ठेवायला जागा, लीजवाल्या मालकाची परवानगी आणि मोठे रेडिएटर हवेत. वरच्या मजल्यावरच्या छोट्या जुन्या फ्लॅटमध्ये तिन्ही जुळणं कठीण. आधी फटी.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत, नेमके थंडीत.

बिल वाढणार, ते गृहीत धरा. दिवसभर घरात माणसं, आणि ‘राहू दे, उगाच कशाला गॅस जाळायचा’ म्हणून तुमच्या मागे हीटिंग बंद करणारी माणसं. टायमर त्यांच्या हाताला न लागेल असा ठेवा. वयस्कर माणसांना १८ च्या खाली नको, २०-२१ बरं. गरम पाण्याची रबरी पिशवी, लोकरी मोजे, आणि दुपारी ऊन येतं त्या खिडकीशी खुर्ची. आमच्या बाबांनी तिथून हलायला नकार दिला होता.

‘विंटर फ्यूएल पेमेंट’, म्हणजे थंडीच्या बिलासाठी वयस्करांना मिळणारी सरकारी मदत, पाहुण्यांना मिळत नाही. तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट असेल तर मदतीच्या कुठल्याही योजनेचा अर्ज भरण्याआधी ती अट नीट तपासा.

डिसेंबरात तीन आठवडे भारतात जातोय. हीटिंग बंद करून जाऊ?

नका. पाइप गोठून फुटला तर खालच्याचं छत तुमच्या माथी. थर्मोस्टॅट दहा-बारा अंशांवर ठेवा, घरविम्याच्या कागदांत रिकाम्या घराबद्दल काय अट आहे ती वाचा, आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते शेजाऱ्याला दाखवून जा. परत आल्यावर बॉयलर पेटेना आणि आतून गुडगुड आवाज येत असेल, तर बाहेर जाणारा त्याचा पांढरा प्लास्टिकचा पाइप गोठलेला असण्याची शक्यता मोठी. त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नाही. आम्ही पहाटे चारला, विमानतळावरून आलेल्या कपड्यांत, चहाच्या किटलीनं हे केलंय.